मुरमावरचे एकशे बावीस किलो

माझं वजन १०४ किलो आहे आणि सायकल चालवून ते कमी झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सायकलचं नाव काढलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग, किती उतरलं?" सोसायटीतल्या काकू विचारतात, भाजीवाला विचारतो, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावर बसलेले अनोळखी गृहस्थ जिलबी वाढून घेता घेता विचारतात. बारीक माणूस सायकलवर दिसला तर त्याला छंद असतो. जाड माणूस दिसला की त्याला डॉक्टरनं सांगितलेलं असतं. मला डॉक्टरनं सांगितलेलं नाही. (म्हणजे सांगितलंय, पण चालायला.) मुरमाच्या रस्त्यावर चाकाखाली जी बारीक करकर चालू असते ती मला ऐकायला आवडते आणि त्यासाठी मी पहाटे उठते. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी मी पहाटे उठत नाही.

पुण्याहून सासवड ओलांडलं की जेजुरी, मोरगाव, सुपे या पट्ट्यात डांबरी सोडून कुठंही आत वळावं, असे रस्ते लागतात. शिवरस्ते, पाणंदी, वाड्यावस्त्यांच्या वाटा. इथला काळा कातळ वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाऊन सुटा होतो, तोच हा तांबूस-पिवळट मुरूम. पाणी त्यातून झिरपून जातं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर तासा-दोन तासांत तो पुन्हा चालण्याजोगा होतो. ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांनी दबून त्यात दोन चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मधे कुसळी गवताचा पट्टा. चाकोरीत जमीन टणक, मधल्या पट्ट्यावर खडे सुटे. एका चाकोरीतून दुसरीत जाताना पुढचं चाक सुट्या खड्यांवर थोडं तरंगल्यासारखं होतं. तिथं नवशिका हँडल आवळून धरतो आणि पडतो. हात सैल सोडायचे, थोडं मागे बसायचं, पायडल मारत राहायचं. सायकल आपली आपण वाट काढते.

अमेरिकेत असल्या रस्त्यांच्या मोठमोठ्या शर्यती होतात. कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं गाव आहे, तिथली दोनशे मैलांची शर्यत २००६ साली सुरू झाली. २०२२ पासून तर ग्रॅव्हलचं, म्हणजे असल्या खडीच्या रस्त्यांवरच्या सायकलिंगचं, जागतिक अजिंक्यपदही आलं. तिकडून ही ग्रॅव्हलची सायकल आपल्या दुकानांत आली. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर चाळीस-पन्नास मिलिमीटर रुंद, ब्रेक डिस्कचे, गिअर चढासाठी हलके. "एकदम नवीन कन्सेप्ट आहे मॅडम," असं म्हणत दुकानदारानं मला ती दाखवली. मी मान डोलावली, पण हिचे वाडवडील माझ्या पाहण्यातले होते.

माझं आजोळ मोरगावच्या बाजूचं. तिथं वाडीवरून गावातल्या डेअरीत दूध घालायला येणारे लोक पाचाच्या सुमाराला आमच्या दारावरून जात. काळी, उंच सायकल, दांड्याला फडकं गुंडाळलेलं, कॅरिअर लोहारानं जाड सळई लावून वाढवलेलं आणि त्याच्या दोन्ही अंगांना वीस-वीस लिटरच्या किटल्या. रस्ता हाच, मुरमाचा. लहानपणच्या त्या सायकलींची घंटा मला आठवते त्याहून जास्त मडगार्डचा खडखडाट आठवतो. अलीकडे एकदा बसल्या बसल्या मी त्यांचा हिशेब मांडला. माणूस अंगानं काटक, धरा ५८ किलो. चाळीस लिटर दूध म्हणजे ४१ किलो. रिकाम्या किटल्या ६. सायकल २२. एकूण १२७. आता माझा हिशेब: मी १०४, सायकल १४, पाणी, पंप, डबा मिळून ४. एकशे बावीस. म्हणजे चाकांच्या दृष्टीनं पाहिलं तर मी दूधवाल्यापेक्षा पाच किलोंनी हलकी आहे.

या हिशेबानं मला जेवढं हलकं वाटलं तेवढं कुठल्याच डाएटनं वाटलेलं नाही. आपल्याकडे सायकलवर वजन असणं ही लाजायची गोष्ट कधीच नव्हती. गवताचे भारे, पावाच्या पेट्या, गॅसच्या टाक्या सायकलवरून जात. नवरा पायडल मारतोय, बायको कॅरिअरवर, एक पोर नळीवर आणि एक बायकोच्या मांडीवर, असं अख्खं कुटुंब जत्रेला जायचं. सायकल हे ओझं वाहणारं जनावर होतं आणि त्याला ओझं झेपतं की नाही हे पाहणं मालकाचं काम. मग मोटारसायकली आल्या, ओझं तिकडं गेलं, आणि रिकामी झालेली सायकल व्यायामाच्या हाती लागली. तेव्हापासून तिच्यावर बसणाऱ्याच्या पोटाकडे लोक बघायला लागले. दूधवाल्याला कुणी 'दूध कमी कर म्हणजे वेग वाढेल' असं म्हटलं नव्हतं. लोहाराकडे जाऊन कॅरिअर मजबूत करून घे, असं म्हटलं होतं. मला हा दुसरा सल्ला पसंत आहे.

तर मी कॅरिअर मजबूत करून घेतलं. म्हणजे खरं तर चाक. सायकलीबरोबर एक पुस्तिका येते, तिच्या मागच्या पानांवर मुंगीच्या अक्षरांत वजनाची मर्यादा छापलेली असते. बऱ्याच ठिकाणी ती ११० ते १२५ किलोंच्या दरम्यान असते आणि ती एकट्या माणसाची की माणूस, सायकल, सामान अशी सगळ्यांची, हे नीट वाचावं लागतं. दुकानात ते कुणी आपणहून सांगत नाही. विचारलं की "काही होत नाही मॅडम" हे उत्तर तयार असतं. होतं. मागच्या चाकाचे आरे तुटतात.

ते का तुटतात हे मला पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दाखवलं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्यांनी चाक उलट्या सायकलीवर फिरवलं, रिमच्या कडेला खडू धरून आऊट कुठं आहे ते पाहिलं, आणि मग एकेक आरा बोटानं छेडत गेले. टण्, टण्, टण्, मधेच एक बद्द. "ही बसकी वाजतीये. ही तुटणार." मला वाटायचं जास्त ताणलेली तार तुटते. उलट आहे. चाक फिरताना जो आरा खाली येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेला की पूर्ववत होतो. तार मुळात घट्ट असेल तर तिला हे सोसतं. सैल असेल तर ती दर फेरीला पार ढिली पडते, पुन्हा खेचली जाते, आणि वाकून वाकून मानेपाशी थकते. माझं चाक एका किलोमीटरला साधारण ४४० फेऱ्या घेतं. चाळीस किलोमीटरच्या एका सकाळी प्रत्येक आऱ्याला साडेसतरा हजार वेळा हा हिसका. मिस्त्रींनी बत्तीस आऱ्यांचं, दुहेरी भिंतीच्या रिमचं चाक हातानं बांधून दिलं. छत्तीसचं मिळालं असतं तर जास्त बरं, असंही म्हणाले. दूधवाल्यांच्या मागच्या चाकाला चाळीस असत, पुढच्याला बत्तीस. पैसे घेताना त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. मी प्रश्नाची वाट पाहत होते. "माणूस कितीही असू दे, तार सैल नको. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की दाखवून जा," एवढंच म्हणाले.

बाकीचा आराम याच जातीच्या तपशिलांत असतो. टायरमधली हवा हे त्यातलं सगळ्यांत स्वस्त प्रकरण. मागच्या चाकावर सगळ्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग येतो, म्हणजे माझ्या बाबतीत ७३ किलो. ३६ पीएसआय हवा भरली की ते पेलायला जमिनीला साडेचार चौरस इंच टायर टेकावा लागतो. पन्नास मिलिमीटर रुंदीचा टायर तेवढा सहज टेकतो, खड्यांवर पसरतो, त्यांना पोटात घेतो. अरुंद टायरला एवढं वजन पेलायला हवा दगडासारखी ठासून भरावी लागते आणि मग प्रत्येक खडा थेट माकडहाडापर्यंत पोचतो. पण जड माणूस म्हटलं की पंपवाला आपणहून दोन ठोसे जास्त मारतो. त्याचा हात धरावा लागतो.

सीटच्या बाबतीतही लोकांची समजूत अशीच. अंग मोठं, मग गादी मोठी आणि मऊ हवी! बाजारात जेलची कव्हरं मिळतात, बसताक्षणी स्वर्ग, आणि दहा किलोमीटरनंतर मुंग्या. आपण सीटवर टेकतो ते नितंबाच्या दोन हाडांवर. त्या दोन हाडांमधलं अंतर माणसाच्या वजनावर ठरत नाही; ठेंगणा-बारीक माणूस रुंद हाडांचा असू शकतो. त्या अंतराला बेतलेली, बऱ्यापैकी कडक सीट हाडांना आधार देते. मऊ गादीत हाडं बुडतात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो. आणि पोट! पोटाविषयी सायकलच्या दुनियेत कुणी बोलत नाही. पायडल वर आलं की मांडी वर येते आणि पोटाला ढकलते, दर फेरीला, श्वास अर्ध्यात तोडत. यावर उपाय पोट नाहीसं करण्याचा नाही, पायडलचा दांडा आखूड करण्याचा आहे. १७२.५ मिलिमीटरच्या जागी १६५ चा दांडा बसवला, आणि हँडल दोन बोटं वर घेतलं, की मांडीला आणि पोटाला आपापली जागा मिळते. सगळे मिळून साडेसात मिलिमीटर. मांड्या घासतात त्यावर पेट्रोलियम जेली. कपड्यांचं विचारू नका. सायकलच्या कपड्यांत एक्सएल लिहिलेली वस्तू माझ्या पुतणीला बसते. गादीवाली आतली चड्डी तेवढी योग्य मापाची शोधून आणली आणि वरून नवऱ्याचा जुना सुती शर्ट घालते. खिसे मोठे असतात.

आता रस्ता. चढाला माझ्या वजनाचा राग आहे, सपाटीला नाही. सपाटीवर मुख्य भांडण वाऱ्याशी असतं, आणि मी वेगानं जात नसल्यामुळे तेही गोडीगुलाबीनं मिटतं. म्हणून मला कालव्याकडेचे रस्ते प्रिय. नीरा डावा कालवा इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात काढला. तो नीरेकडून बारामतीच्या दिशेला जातो आणि त्याच्या कडेनं पाटबंधारे खात्याचा कच्चा रस्ता जातो. कालव्यात पाणी आपल्या आपण वाहायला हवं आणि वाटेत त्यानं उंचीही गमवायला नको, म्हणून तो टेकडी आडवी आली की चढत नाही, तिला वळसा घालतो. त्याचा उतार किलोमीटरमागे सेंटिमीटरांत मोजावा इतका. शेजारचा रस्ता पाण्याची ही शिस्त निमूट पाळतो. आखणी करणाऱ्या इंजिनिअरच्या मनात ऊसही नसेल तेव्हा, माझ्यासारखी बाई तर नसेलच. पण माझ्यासाठी याहून मनाजोगता रस्ता कुणी आखला नाही. एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला पाणी, पुलापाशी कपडे धुणाऱ्या बायका, आणि पायडल मारतोय याची पायांना आठवणसुद्धा नसते.

पण सपाटीवर किती दिवस राहणार? बागायत सोडून सुप्याच्या जिरायत माळाकडे जायचं तर चढ येतातच. आणि मला माळ बघायचा असतो. मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपास सकाळी चिंकारा उभी दिसते, हिवाळ्यात भोवत्या गवतावरून खालून खालून तरंगत जातात. तिथल्या सहा टक्क्यांच्या चढावर एकशे बावीस किलो ताशी आठ किलोमीटरनं वर न्यायला नुसत्या चढापोटी १६० वॉट लागतात. साठ किलोच्या मुलाला त्याच्या हलक्या सायकलसकट नव्वद पुरतात. ग्रुपमध्ये गेलं की हा फरक छातीत धडधडतो. मुलं वर जाऊन झाडाखाली थांबतात, आणि आपण धापा टाकत पोचलो की "चला निघू या" म्हणतात. त्यांची विश्रांती झालेली असते. म्हणून मी चढ एकटीनं चढते आणि सगळ्यांत हलक्या गिअरवर चढते. पुढे तीस दातांची चकती, मागे बेचाळीस दातांची. पायडलच्या एका फेरीत सायकल एक मीटर साठ सेंटिमीटर पुढे जाते, मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर तासाला पावणेसहा किलोमीटर. हा झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग आहे. त्यामुळे चढावर सोबत मिळते.

एकदा अशीच एक बाई डोक्यावर कडवळाचा भारा घेऊन शेजारून चालत होती. भाऱ्याचं टोक दर पावलाला माझ्या हेल्मेटला लागत होतं. बराच वेळ तिनं पायडलकडे नुसतं पाहिलं. पाय भराभर फिरतायत आणि गाडी जागची हलत नाही, हे कोडं तिला सुटेना.

"गाडी लई जड हाय का ताई?"

"गाडी नाही, मीच जड आहे."

ती भाऱ्याखालून हसली. "माझ्याबी डोक्यावर असंल की तीस किलो. चला, दोघीबी भरलेल्या हावोत." मग तिनं सुनेचं बाळंतपण, बोअरला न लागलेलं पाणी आणि थोरल्या दिराचा स्वभाव एवढे विषय चढ संपेपर्यंत उरकले. वर पोचल्यावर ती डावीकडे वळली. किती उतरलं, हे तिनं विचारलं नाही.

उताराला मात्र मी मुलांना गाठते. वजन वाढतं त्या मानानं हवेला आडवं येणारं अंग वाढत नाही, म्हणून जड माणूस उतारावर जास्त पळतो. यात मौज आहे आणि काळजीही. शंभर मीटर उंची उतरताना माझ्या एकशे बावीस किलोंना आवरायचं तर ब्रेकना जवळजवळ १२० किलोज्यूल उष्णता गिळावी लागते. तेवढ्यात दोन कप चहाचं गार पाणी उकळेल. ती सगळी तळहाताएवढ्या पातळ चकत्यांत. म्हणून माझ्या पुढच्या चकतीचा व्यास १६० नाही, १८० मिलिमीटर आहे. ब्रेक सारखा धरून ठेवायचा नाही. दाबायचा, सोडायचा, चकतीला वारा खाऊ द्यायचा.

केली कॉर्नहाउझर आणि मार्ली ब्लॉन्स्की या दोन अमेरिकन बायकांवरचा एक लघुपट २०२१ साली आला, 'ऑल बॉडीज ऑन बाइक्स' नावाचा. दोघीही जाड, दोघी ओरेगॉनमधल्या कोर्व्हॅलिसहून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत सायकलनं जातात. मला त्यात सगळ्यात आवडलं ते हे, की शेवटी कुणाचंही वजन कमी होत नाही. आपल्या सिनेमात जाड बाई सायकलवर चढली की गाणं संपेपर्यंत बारीक होते.

काटे हा या माळावरचा खरा शत्रू. बाभळीचा काटा निदान दिसतो. सराटा दिसत नाही. जमिनीला चिकटून पसरणारं पिवळ्या फुलांचं ते रोप, आणि त्याचं फळ कसंही पडलं तरी एखादं टोक वरच. हा सराटा आपल्याकडच्या जुन्या जगातून अमेरिकेत गेला आणि तिथल्या सायकलवाल्यांनाही त्यानं रडवलं. माझ्या टायरमध्ये ट्यूब नाही, दुधासारखं पांढरं सीलंट आहे. काटा घुसला की ते भोकातून फेसासारखं येतं आणि जागीच थिजतं. माहीत असूनही दर वेळी गंमत वाटते. घरी आल्यावर चिमट्यानं टायरमधले काटे काढत बसणं हा माझा संध्याकाळचा उद्योग आहे.

गेल्या हिवाळ्यात मोरगावच्या पुढची माझी एक लाडकी पाणंद डांबरी झालेली दिसली. चार-पाच किलोमीटरचा तुकडा, काळा कुळकुळीत, कडेला पिवळे पट्टे. मी सायकल उभी करून चांगलीच हिरमुसले. टपरीवर चहा घेताना तसं बोलूनही गेले: किती छान होता हो रस्ता. टपरीवाल्यानं गाळणं आपटलं. आत वस्तीवर त्याचं घर. पावसाळ्यात त्याच मुरमातून बापाला खाटेवर घालून मोटारीपर्यंत आणावं लागलं होतं, पोरं शाळेला चिखल तुडवत जात होती, दुधाचा टेम्पो आत यायला तयार नसे. पाच वर्षं अर्ज केल्यावर डांबर पडलं. माझ्या करमणुकीचा रस्ता म्हणजे कुणाच्या तरी अर्जावर न पडलेली सही. यावर मला आजही काही उत्तर नाही. मी चहाचे पैसे दिले आणि गप्प राहिले. त्यालाच मग काय वाटलं कोण जाणे, ग्लास विसळता विसळता म्हणाला,

"वढ्याच्या पल्याड अजून कच्चाच हाय बगा. जावा तिकडनं. फकस्त आमच्या सरपंचापुढं कच्चा झ्याक असतो म्हणून बोलू नका."